ओव्हाळ सिस्टरांचं नानिंगचं तिकीट

नांदूरघाटच्या आसपासच्या वस्त्यांवर ‘सिस्टर’ म्हटलं की लोकांना अजूनही सत्यशीला ओव्हाळच आठवतात. त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. त्यांना लोक ‘नव्या मॅडम’ म्हणतात. सिस्टर मात्र एकच. मी त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रात बरीच वर्षं औषधं द्यायच्या खिडकीवर होतो, त्यामुळे त्यांचं काम जवळून पाहिलेलं आहे. पण आज सांगतोय ती गोष्ट निवृत्तीनंतरची आहे, आणि ती त्यांनी स्वतः मला सांगितली.

सिस्टरांची मुलगी रूपाली शेती अवजारांची इंजिनिअर. लहानपणापासून तिनं आईच्या मागं फिरून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पाहिलेल्या. आठव्या-नवव्या महिन्यातही कोयता हातात धरणाऱ्या. लहान रानात चालेल असं ऊसतोडीचं यंत्र करायचं तिच्या डोक्यात तेव्हापासून. पुढच्या शिक्षणाला ती चीनमध्ये नानिंगला गेली, कारण त्या मुलखात आपल्यासारखाच ऊस आणि आपल्यासारखीच छोटी रानं. तिचा नवरा पवन आष्टीचा. तोही तिथल्याच विद्यापीठात काम करतो. रूपालीला दिवस गेले तेव्हा बाळंतपणाला इकडं यायचं की आईनं तिकडं जायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “साऱ्या गावाच्या बाळंतपणाला मी त्यांच्या दारात गेले. पोरीच्या दारात जायला काय झालं?”

त्यांचे यजमान माणिकराव एसटीचे निवृत्त चालक. ते म्हणाले, “सिस्टर, तुमी जावा. म्हशीचं मी बघतो.” ते बायकोला घरातही सिस्टरच म्हणतात.

पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. विमान ग्वांगझोऊ नावाच्या शहरापर्यंत होतं, तिथून पुढं नानिंगला रेल्वे. पवन घ्यायला येणार होताच, पण तिकीट आधी काढून ठेवायला हवं होतं, कारण सिस्टर पोचणार त्या आठवड्यात तिकडं मोठी सुट्टी असते आणि सगळा देश गाडीत बसतो. आणि तिथं एक भानगड अशी की तिकीट माणसाच्या ओळखपत्राला बांधलेलं असतं. कागदाचं तिकीट नाहीच. परदेशी माणसाचा पासपोर्ट रेल्वेनं आधी तपासून मान्य केला पाहिजे, मगच फोनवरून तिकीट निघतं. दुसऱ्यानं काढून दिलं तरी पासपोर्ट तपासलेला हवाच.

पवन फोनवर म्हणाला, “आई, तुमी फक्त पासपोर्टचा फोटो पाठवा. बाकीचं मी इथून करतो.”

“तुमी केलं तर मला कधी येणार?” सिस्टर म्हणाल्या. “मला सांगा कसं करायचं.”

त्यांनी अंगणात उन्हाला पासपोर्ट ठेवून फोटो काढला, माहिती भरली आणि पाठवून दिली. दोन दिवसांनी उत्तर आलं, मान्य नाही. नाव जुळत नव्हतं. पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव होतं आणि यांनी सवयीनं नुसतं सत्यशीला ओव्हाळ लिहिलं होतं. नाव दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. या वेळी फोटो नापास, कारण उन्हाची तिरीप नेमकी नावावर पडलेली. मी सहज त्यांच्याकडं गेलो होतो तेव्हा त्या पडवीच्या सावलीत पासपोर्ट पाटावर ठेवून, श्वास रोखून फोटो काढत होत्या.

मी म्हटलं, “सिस्टर, वैताग येत नाही का?”

“कशाचा वैताग, भाऊ? बँकेत बायकांचे बाळंतपणाचे सरकारी पैसे अडकायचे ते कशापायी? आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. जुळत न्हाई म्हणजे बाई खोटी हाय असं थोडीच? जुळवून द्यायचं.”

तिसऱ्यांदा पाठवलं. त्याचं उत्तर यायच्या आत त्यांचं विमान निघालं.

ग्वांगझोऊला उतरल्यावर त्यांनी फोन सुरू केला तर पवनचा निरोप. रूपालीचं ब्लडप्रेशर एकदम वाढलं होतं आणि तिला दवाखान्यात भरती केलं होतं. त्यांनी लगेच फोन लावला.

“आई, मी निघतोच आता,” पवन म्हणाला. “चार तासांत तुमच्याकडं पोचतो.”

“किती हाय प्रेशर?”

त्यानं आकडा सांगितला. सिस्टरांनी विचारलं, “डोकं दुखतंय का तिचं? डोळ्यापुढं अंधारी?”

“डोकं दुखतंय थोडं.”

“मग तुमी जागचं हलायचं न्हाई. तिला झोपू द्या, डाव्या कुशीवर. डोळ्यांना काय झालं तर लगेच डॉक्टरला सांगा. मी येते.”

“एकट्या कशा याल? तिकीट नाही, भाषा नाही.”

“मी येते म्हणलं ना,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला हे सांगताना त्या म्हणाल्या, की फोन ठेवल्यावर पाण्याची बाटली उघडता येईना. दुसऱ्याच्या लेकीचं प्रेशर वाढलं की काय करायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. आपल्या लेकीचं वाढल्यावर अंगातलं बळ जातं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्या तिथंच एका बाकावर बसल्या, चेहऱ्यावरून ओला रुमाल फिरवला आणि उठल्या.

मेट्रोनं त्या रेल्वे स्टेशनला गेल्या. स्टेशन म्हणजे विमानतळापेक्षा मोठं आणि बीडच्या आठवडी बाजाराच्या कितीतरी पट गर्दी. फोनवर पाहिलं तर तिसऱ्या अर्जाचं उत्तर आलेलं होतं. फोनमधल्या भाषांतरानं सांगितलं की पासपोर्ट खिडकीवर नेऊन दाखवावा. तिकिटांच्या खिडक्यांपुढं लांब रांगा होत्या. सिस्टर एका रांगेत उभ्या राहिल्या. पुढं गेल्यावर कळलं की परदेशी पासपोर्टाची खिडकी वेगळी, टोकाला. तिथं पुन्हा रांग.

खिडकीत एक तरुण बाई होती. सिस्टरांनी फोन पुढं केला आणि मराठीत बोलल्या. फोननं ते चिनीत सांगितलं. “माझी लेक दवाखान्यात हाय, बाळंतपणाला. मला नानिंगला जायचंय. माझा पासपोर्ट तपासून द्या.”

त्या बाईनं पासपोर्ट यंत्रावर धरला, सिस्टरांचा चेहरा पाहिला, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा पासपोर्टाकडं पाहिलं. मग स्वतःच्या फोनमध्ये काही बोलली. फोननं मराठीत सांगितलं, “तुमचे नाव फार लांब आहे.”

“त्यात माझ्या मालकाचं पण नाव हाय,” सिस्टर म्हणाल्या.

हे चिनीत ऐकून ती बाई हसली. तिनं एकेक अक्षर बोटानं धरून पुन्हा तपासलं, कळा दाबल्या आणि सिस्टरांच्या फोनकडं बोट केलं. फोनवर हिरवी खूण आली होती. पासपोर्ट मान्य झाला होता.

“आता नानिंगचं तिकीट द्या,” सिस्टर म्हणाल्या.

बाईनं मान हलवली. त्या दिवसाच्या सगळ्या गाड्या भरलेल्या होत्या. उभं राहायचंही तिकीट नव्हतं. तिनं फोनमधून समजावलं, “लोक तिकिटे परत करतात. परत केलेले तिकीट फोनवर दिसते. तुम्ही पाहत राहा. आता तुम्ही स्वतः काढू शकता.” आणि कुठं पाहायचं, कुठं दाबायचं, ते तिनं सिस्टरांचा फोन हातात घेऊन दाखवलं. मागं रांग होती तरी घाई केली नाही.

सिस्टर एका खांबाशी बॅग टेकवून उभ्या राहिल्या आणि फोन बघू लागल्या. नानिंगचं तिकीट एकदा दिसलं आणि बोट लावेपर्यंत गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. पवनचा फोन आला. डॉक्टर म्हणत होते की आज औषधं देऊन बघू, नाहीतर सकाळी ऑपरेशन.

इथं सिस्टरांनी जे केलं त्यात मला त्या पूर्ण दिसतात. मागं एकदा छबुबाई नावाच्या ऊसतोड बाईला वाटेत कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका दूर होती. सगळे म्हणत होते, थांबू, येईलच. सिस्टरांनी आधी बैलगाडीतून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून दुधाच्या टेंपोनं पुढच्या गावाला, आणि तिथं जीप गाठून केजच्या दवाखान्यात. एका गाडीनं पोचत नसू तर तीन गाड्यांनी पोचायचं, हा त्यांचा हिशोब. ग्वांगझोऊच्या त्या खांबाशी उभं राहून त्यांनी नकाशा उघडला. नानिंगच्या वाटेवर मध्यावर वूझोऊ नावाचं गाव होतं. तिथपर्यंतचं तिकीट पाहिलं. एक जागा होती. त्यांनी घेतली. पैसे भरायची सोय पवननं आधीच त्यांच्या फोनवर लावून दिलेली होती.

पवनला कळवलं तर तो घाबरला. “आई, तिथून पुढं मिळालं नाही तर? अनोळखी गावात अडकून पडाल.”

“इथं बी अडकलेलीच हाय की,” सिस्टर म्हणाल्या. “तिथं अडकले तर निम्मी वाट तर सरंल.”

फाटकावर त्यांनी पासपोर्ट यंत्रावर ठेवला. फाटक उघडलं. गाडी इतकी वेगात पळत होती की बाहेरचे डोंगर नीट दिसेनात, पण त्यांनी बाहेर पाहिलंच नाही. सगळा रस्ता त्या फोनवर वूझोऊ ते नानिंगचं तिकीट एवढंच बघत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं एक संत्रं सोलून अर्धं त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते घेतलं आणि डोळे फोनवरच ठेवून खाल्लं. वूझोऊ यायच्या थोडं आधी कुणीतरी तिकीट परत केलं. या वेळी सिस्टरांचं बोट आधी पोचलं.

वूझोऊला गाडी बदलून, दिवस मावळायच्या सुमारास त्या नानिंगच्या दवाखान्यात पोचल्या. रूपालीजवळ एकाच माणसाला थांबायची परवानगी होती. पवन बाहेर आला आणि आपल्या गळ्यातलं ओळखपत्राचं कार्ड त्यानं सासूच्या हातात दिलं.

रूपाली डाव्या कुशीवर झोपली होती. आईला पाहून तिनं विचारलं, “आई, तू कशी आलीस?”

“गाडीनं,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पायांवरची सूज दाबून पाहिली.

सकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. वजनाला कमी, पण रडली ती खणखणीत. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. रूपालीचं प्रेशर हळूहळू उतरलं. बाळ घरी आलं तेव्हा पवननं मोबाइलवर त्रिशरण-पंचशील लावलं आणि सिस्टरांनी तिचं नाव सुजाता ठेवलं.

त्या तिथं डिसेंबरपर्यंत राहिल्या. बाळानं जरा बाळसं धरल्यावर रूपालीनं सांगितलं, की नानिंगहून रेल्वेनं तासाभरावरच्या एका गावी तिच्या यंत्राची चाचणी चालू आहे. सिस्टरांनी आपलं तिकीट आपण काढलं आणि एकट्याच जाऊन आल्या. रानात एका बाजूला यंत्र चालत होतं आणि दुसऱ्या बाजूला, यंत्र जिथं पोचत नव्हतं तिथं, बायका हातानं ऊस तोडत होत्या. डोक्याला रुमाल, हातात मोजे, कंबर वाकलेली. सिस्टर बांधावर बसल्या. दुपारच्या सुट्टीत त्या बायकांनी त्यांना गरम पाणी दिलं. फोनमधल्या भाषांतरातून गप्पा झाल्या. पोरं किती, कंबर दुखते का, गरोदर असलं की किती महिन्यांपर्यंत काम करता, हे सगळं सिस्टरांनी विचारून घेतलं.

“काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“आपल्या बायका सांगत्यात तेच,” सिस्टर म्हणाल्या. “घरी आल्यावर रूपालीला म्हणलं, यंत्र लवकर कर गं बाई. लई जणी वाट बघत्यात, इथं बी आन् तिथं बी.”

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा पडवीत मनकर्णाबाई बसल्या होत्या. माणिकरावांची ही धाकटी बहीण, लिंबागणेशला दिलेली. सुजाताच्या वाढदिवसाला दोघी नणंद-भावजया नानिंगला निघाल्या आहेत. पाटावर मनकर्णाबाईंचा नवा पासपोर्ट होता आणि फोन त्यांच्याच हातात होता.

“वहिनी, तुमीच काढा की फोटो,” त्या म्हणत होत्या. “माझा हात हलतोय.”

“हलू दे,” सिस्टर म्हणाल्या. “पुन्हा काढ.”