एकटीपुरती कयाक

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा जो तो विचारायचा, आता वेळ कसा घालवणार? मी सांगायचे, कयाक घेणार. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, निमुळती नाव, हे मी हिंगोलीत इतक्या जणांना समजावलं की शेवटी फळ्यावर आकृती काढूनच सांगावं असं वाटायला लागलं. सगळं ऐकून लोक एवढंच विचारायचे, "मासे धरणार का?" नाही म्हटलं की त्यांचा रसच संपायचा.

माझं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला लागून आहे. पोहायला मी तिथेच शिकले, शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. लग्न झालं आणि पाण्याशी संबंध उरला तो बादली-हंड्यापुरता. दिवसा वर्गभर लेकरं, संध्याकाळी घरभर माणसं. माणसांचा मला राग नाही. पण उभ्या नोकरीत मी एकटी अशी फक्त न्हाणीघरात असायचे, आणि तिथेही कुणीतरी दार वाजवायचंच. त्यामुळे धरणाच्या मध्यावर, जिथे हाक पोचत नाही तिथे, एकटीने बसून राहायचं हे माझ्या डोक्यात फार वर्षं होतं. एवढं एकच मला स्वतःसाठी हवं होतं.

आमच्या ह्यांना पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते, पण ते कबूल करायचं नाही. मात्र कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की तिचा अभ्यास हेच करणार. साधा मिक्सर घेताना ह्यांनी दुकानदाराच्या नाकी नऊ आणले होते. इथे तर मैदान मोकळंच होतं. रोज जेवण झालं की मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि आठवडाभरात, पाण्यात पाऊल न टाकता, कयाकवर बोलायला लागले.

पहिली आली ती हवा भरायची. "घडी घालून डिक्कीत मावती. बराबर आपल्यासाठीच हाये," असा ह्यांचा निकाल. आम्ही ती माझ्या भावाच्या शेतावर नेली. पंप मारून मारून दोघांना घाम फुटला. नाव फुगली, देखणी दिसली, आणि पाण्यापर्यंत ओढत नेता नेता फुस्स करून बसली. धरणाचं पाणी उतरलं की मागे काळा चिखल राहतो, आणि त्या चिखलात बाभळीचे काटे. हे तिथे लहानाची मोठी झालेल्या मला आठवायला नको होतं का? पण मलाही ती फुगलेली बघून भान राहिलं नव्हतं. औंढ्याला पंक्चरवाल्याकडे नेली तर त्याने उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "कोणत्या गाडीची ट्यूब हाये ही?"

मग पुण्याला मुलीकडे गेलो असताना तिथल्या तलावावर दुसरा प्रकार करून पाहिला. त्यात पाय आत घालून कमरेपर्यंत नावेच्या आत बसायचं असतं. बसले, फिरले, मजा आली. उतरायची वेळ आली तेव्हा माझे गुडघे काही वर येईनात. दोन पोरांनी काखेत हात घालून मला उपसून काढलं. शिकवणारा म्हणाला की ह्यात अंग उबदार राहतं. आमच्याकडे एप्रिलात उबेची कमतरता नसते, असं मी त्याला सांगितलं.

म्हणजे उरली ती कडक प्लास्टिकची, वरून उघडी, जिच्या पाठीवर पाटावर बसल्यासारखं बसायचं. काट्याने फुटत नाही, बुडालेल्या बाभळींच्या खुंटांना घासली तरी चालते, उलटली तर पोहत येऊन पुन्हा वर चढता येतं. बूडही सपाट हवं, नाहीतर मासेमारांच्या जाळ्यात अडकायची. इथपर्यंत आमचं एकमत झालं. भांडण झालं ते एका सीटची की दोन सीटची ह्यावर.

"एकटीची," मी म्हटलं.

"दोघांची घ्यायची. तुला एकटीला पाण्यात सोडणार न्हाई."

"मग तुमी बसता का संगं?"

"बघू."

ह्यांचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी दोन सीटचीच आली. मी चिडले, दोन दिवस धड बोलले नाही, पण हरले. नव्या कोऱ्या नावेवर फार दिवस रुसून राहता येत नाही, हेही खरं.

दोन सीटची नाव एकटीने मागे बसून चालवली की पुढचं टोक वर उचललं जातं आणि नाव वाऱ्यावर भरकटते. व्हिडिओत हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी किनाऱ्याजवळच गोल गोल फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर पाण्याची भरलेली मोठी कॅन बांधली. जाळं आवरत असलेला एक मासेमार बघत होता. तो म्हणाला, "बाई, धरणात पाणी घेऊन चालल्या का?" मी म्हटलं, "मालकांच्या जागी बसवलंय." हे काठावर बसून सगळं ऐकत होते. हसले नाहीत.

कॅन बांधून मी महिनाभर फिरले. पण वजन ओढून ओढून खांदे भरून यायचे आणि मध्यावर काही पोचणं होत नव्हतं. मार्च सरता सरता एका सकाळी पाणी अगदी स्थिर होतं. ठरवलं, आज जायचंच. गेलेसुद्धा. मधे पोचून वल्हं मांडीवर ठेवलं. एकही आवाज नव्हता. इतकं बरं वाटलं की ऊन चढल्याचं कळलंच नाही.

वारं सुटलं तेव्हा उशीर झाला होता. ती लांबलचक नाव वाऱ्याला आडवी झाली ती सरळ होईना. मी जीव तोडून वल्हवत होते आणि काठ लांबच जात होता. पोहता येत असूनही मी घाबरले. काठावर हे दिसत होते, नावेबरोबर आलेलं दुसरं नारिंगी लाइफ जॅकेट हातात घेऊन हलवत होते. मग दिसेनासे झाले. मला ह्यांचा इतका राग आला, वाटलं, आत्ताच कुठे गेले हे?

थोड्या वेळाने त्या मासेमाराची होडी येताना दिसली. तिच्या तळाशी, दोन्ही हातांनी कड धरून, डोळे घट्ट मिटून हे बसले होते. जॅकेटचे बंद उलटेसुलटे लावलेले. होडी जवळ लागली तशी मासेमार माझी नाव बांधून ओढायला दोरी काढायला लागला. ह्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ती कॅन काढून घ्या. मी बसतो तिथं."

"अहो, नका," मी म्हटलं.

ऐकलं नाही. मासेमाराने दोन्ही नावा धरून ठेवल्या आणि हे रांगत पुढच्या सीटवर आले. वल्हं मारायचा प्रश्नच नव्हता, हात कड सोडत नव्हते. पण नावेचं नाक खाली बसलं आणि ती सरळ चालायला लागली. मासेमार बाजूने सोबत करत राहिला. ह्यांना मान वळवायचीही भीती वाटत होती, त्यामुळे चार-पाच वल्ही झाली की समोर बघतच विचारायचे, "हायेस ना?"

"हाये," मी म्हणायचे.

काठ येईपर्यंत हेच चाललं होतं. उतरल्यावर हे चिखलातच बसले, विजारीसकट. मी नाव ओढून वर घेतली. आता काय ऐकायचं आहे ते मला ठाऊक होतं. माझं धरण संपलं होतं. ह्यांनी म्हणण्याआधी आपणच म्हणून टाकावं, म्हणून मी म्हटलं, "विकून टाका ही."

"विकायचीच हाये," हे म्हणाले. श्वास अजून लागलेला होता. "एकटीची घेऊ. हलकी, आखूड."

मला खरं वाटेना. "काहून?"

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"पुढं बसलं की तू दिसतच न्हाईस. काठावरून दिसतीस तरी."