शुरास्कोवाले दादा

पाहुण्यांना तीन-तीन तास उपाशी ठेवून खूश करणारा यजमान साऱ्या ऑस्ट्रेलियात एकच: माझ्या बायकोचे थोरले मावसभाऊ. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वॉलॉंगॉंगला पोलादाच्या कारखान्यात ते इंजिनियर होते. तिथे शिफ्टला बरोबर असणाऱ्या एका ब्राझिलियन मित्राने त्यांना शुरास्को शिकवला, म्हणजे हातभर लांब सळयांना मांस टोचून कोळशावर सावकाश भाजायची त्यांच्याकडची पद्धत. मित्र पुढे मायदेशी निघून गेला. दादा मात्र मनाने ब्राझीलचेच होऊन गेले. महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या बॅकयार्डात विटांच्या चुलाण्यावर सळया चढायच्या. लॅम्ब, सॉसेज, कोंबडीची चिमुकली हृदयं आणि शेजाऱ्यांसाठी बीफ. बीफ खाणार नाही असा आईला शब्द दिलेला, त्यामुळे ते भाजायचे पण चाखायचे नाहीत. मीठ बेताचं पडलंय की नाही हे शेजारच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. खडेमिठाखेरीज मांसाला दुसरं काही लागलेलं त्यांना खपत नसे. एकदा आमच्या एका डॉक्टर मित्राने वेंटवर्थव्हिलच्या इंडियन दुकानातून आणलेला कांदा-लसूण मसाला खिशातून काढून लॅम्बवर हळूच भुरभुरला. दादांनी ती अख्खी सळई त्याच्या हातात दिली आणि जाहीर केलं, "ही ह्याची. बाकी कुणी हात लावू नका, डॉक्टरांनी औषध घातलंय."

बोलावणं बाराचं असे आणि पहिला घास तीनला. तोही घासच. सळईवरचा वरवरचा भाजलेला थर कापून एकेक काप प्रत्येकाच्या ताटलीत टाकायचा, की सळई परत आगीवर. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "पोट भरायची घाई असेल तर घरी खिचडी लाव. ब्राझीलमध्ये लोक याच्यासाठी दुपार घालवायला येतात." पुढचा काप येईपर्यंत करायचं काय, म्हणून माणसं बोलायची. गणपतीच्या कमिटीवरून दोन वर्षं अबोला धरलेले दोघे त्या चुलाण्याच्या दोन बाजूंना उभे राहून आधी धुराबद्दल आणि मग एकमेकांच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागलेले मी पाहिले आहेत. मराठीला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी माझी मुलगी तिथे मात्र "मामा, मला अजून एक" असं स्वच्छ मराठी बोलायची. आणि दादा? त्यांना मी त्या घरात कधी बसून जेवताना पाहिलं नाही.

मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या पार्टीसाठी आम्ही हॉल घेतला, तेव्हा दादांचा फोन आला. "हॉलच्या मागे मोकळी जागा आहे ना? सळया मी घेऊन येतो. सकाळी सातलाच येतो."

"कशाला तसदी, दादा? केटरर सांगितलाय. तुम्ही आरामात या," मी म्हणालो.

दादा म्हणाले, "बरं. नो वरीज."

बायकोला मी सांगितलं, त्यांना या वयात दमवायला नको. खरं कारण वेगळं होतं. माझ्या ऑफिसची मंडळी येणार होती, आणि पांढऱ्या टेबलक्लॉथच्या त्या हॉलमागे धुरात काळवंडलेला आमचा माणूस मला नको होता. दादा आले ते सूट घालून. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, केटररचं पनीर खाल्लं, "छान झालंय" म्हणाले आणि केक कापल्यावर लगेच निघाले. गाडीत मुलगी मला म्हणाली, "Dad, I asked Mama to cook. He said yes. What happened?" मी रेडिओ लावला.

त्यानंतर रविवारचं बोलावणं आलं नाही. मीही विचारलं नाही. एकदा विचारायचं ठरवलं, तेव्हा कामाचं निमित्त निघालं; असं करता करता तीन वर्षं गेली. मग बायकोकडून कळलं की दादांनी घर विकलं. आता ते एका युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये राहतात, चौथ्या मजल्यावर. तिथे कोळसा पेटवायला परवानगी नाही. सळया त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकल्या.

गेल्या महिन्यात मी एकटाच ट्रेनने वॉलॉंगॉंगला गेलो. वाटेत समुद्र दिसत होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. दादांनी दार उघडलं, चहा केला, बाल्कनीत दोन खुर्च्या टाकल्या. मुलीच्या नोकरीची चौकशी झाली, त्यांच्या बीपीची झाली, माझ्या परतीच्या ट्रेनची झाली. मग जुळवलेली सगळी वाक्यं विसरून मी म्हणालो, "दादा, तेव्हा तुम्हाला नको म्हटलं. मला लाज वाटली होती. चुकलं माझं."

"हो," दादा म्हणाले. "चुकलं."

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं, दादा ते बघत राहिले. मग माझ्या कपाकडे पाहिलं, तो रिकामा होता.

"तुझी ट्रेन पाचची ना? त्यानंतर सहाचीही आहे. थांबतोस?"

"थांबतो," मी म्हणालो.

दादा चहा टाकायला आत गेले.