बायोडेटातली शेवटची ओळ

कर्वेनगरात माझं टायपिंगचं दुकान होतं. टाइपरायटर विकून मी कॉम्प्युटर घेतला आणि कॉलेजच्या मुलांचे बायोडेटा करायला लागले. एक नमुना तयार ठेवलेला. त्यात नाव, पत्ता आणि टक्के तेवढे बदलायचे. तळाशी एक ओळ कायमची होती, 'विलिंग टू रिलोकेट'. ती असली की मुलाखतीचं बोलावणं लवकर येतं, असं मुलंच सांगायची. मग मी ती कुणाला न विचारताच राहू द्यायचे.

आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त शिक्षक मुलाचा बायोडेटा न्यायला आले. घरात बापलेक दोघंच. सरांनी चष्मा पुसून कागद शेवटपर्यंत वाचला.

"अहो, ही शेवटची ओळ कशासाठी?"

"म्हणजे मुलगा कुठेही जायला तयार आहे."

"कुठेही म्हणजे?"

"अगदी हिंजवडीलासुद्धा," मी म्हणाले.

हिंजवडी तर आमच्या शहराच्याच टोकाला, म्हणून ते मनापासून हसले. खरा अर्थ मला ठाऊक होता. पण गिऱ्हाइकाला घाबरवून कोण दुकान चालवतं? रात्री हा किस्सा मी माझ्या मुलीला सांगितला, तीही हसली.

मुलगा आधी बंगळुरूला गेला, मग अमेरिकेला. सर दर रविवारी त्याच्या ईमेलची छापील प्रत न्यायला यायचे. सुरुवातीला दोन पानं निघायची, मग एक, पुढे पुढे चारच ओळी. त्या ते माझ्या स्टुलावर बसून दोनदा वाचायचे. एका रविवारी काहीच आलं नव्हतं.

"सर्व्हर बंद असेल," मी म्हणाले.

"असेल. तिकडचे सर्व्हर फार आळशी दिसतात," असं म्हणून ते उठले.

पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. दुपारी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली पाहिली आणि मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. दार तोडावं लागलं. मुलाला कळवणारी ईमेल मीच टाइप केली.

त्याच वर्षी माझी मुलगी इंजिनिअर झाली. मला ती एकच. तिचे वडील ती पाचवीत असतानाच गेले. तिचा बायोडेटा करताना मी ती ओळ पुसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तिला बोलावणं येईना. मैत्रिणी एकेक करून नोकरीला लागल्या. "माझ्यातच काय कमी आहे गं?" ती विचारायची आणि मी तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढायचे. स्वतःची लाज वाटायची, तरी ओळ परत घालायला हात धजेना.

एका दुपारी ती दुकानात येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. हातात मैत्रिणीचा बायोडेटा होता, माझ्याकडेच केलेला.

"आई, हिच्यात तळाला एक ओळ जास्त आहे."

"तुझ्यातली राहिली असेल चुकून."

"तुझ्याकडून?"

तिने तो कागद कीबोर्डशेजारी ठेवला. मला उठवून स्वतः खुर्चीत बसली आणि ती ओळ टाइप करायला लागली. मी सरांच्या स्टुलावर टेकले. अर्थ पाठ होता, तरी तोंडातून निघून गेलंच, "कुठेही म्हणजे गं?"

"अगदी हिंजवडीलासुद्धा," स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली.