नंबर माझा, नाव त्याचं

फुकट फोन नको म्हणणारी बाई सिडनीच्या या अख्ख्या टूनगॅबी उपनगरात मीच पहिली असेन. नवऱ्याने ऑफर सांगितली, मी "मला नको" म्हटलं, आणि घरात अशी शांतता पसरली की सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला असता तरी तेवढी पसरली नसती.

ऑफर अशी होती. नवऱ्याने आमची फोन कंपनी सोडून दुसरी धरायचं ठरवलं होतं. नवी कंपनी तीन वर्षांच्या करारावर घरातल्या सगळ्यांना नवेकोरे फोन देत होती, वर मनगटावरचं घड्याळ फुकट. अट एवढीच, की ऑफर फक्त नव्या कनेक्शनवर. म्हणजे नंबरही नवे. जुनं खातं महिनाअखेरीच्या शुक्रवारी बंद, आणि त्याच्यावरचे सगळे नंबरही बंद. त्याने फॉर्म भरून टाकला होता. मला सांगितलं शनिवारी दुपारी, चहात बिस्किट बुडवता बुडवता.

"सगळे नंबर म्हणजे माझापण?" मी विचारलं.

"अगं सगळे म्हणजे सगळे. नंबरात काय ठेवलंय?"

त्याच्यासाठी काहीच ठेवलेलं नव्हतं. त्याचा खरा नंबर ऑफिसने दिलेला. हा दुसरा फोन तो क्रिकेटचा स्कोअर बघायला वापरतो. माझं तसं नाही.

मी मेलबर्नच्या क्लेटनला शिकायला आले, तेव्हा विमानातून उतरल्यावर तिसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीजवळच्या दुकानात पासपोर्ट दाखवून हे सिम घेतलं होतं. या देशात माझ्या नावावर झालेली ही पहिली गोष्ट. बँकेचं खातं त्यानंतर. घराचं भाडेपत्र तर कधीच नाही, कारण ते एका मुलीच्या नावावर आणि बाकी आम्ही चौघी तिच्या जिवावर. हा नंबर मी कागदांवर लिहून लाँड्रीपासून चिकनच्या दुकानापर्यंत दारोदार वाटला. त्यावरच एके दिवशी कुणीतरी विचारलं, आज आर्व्होला, म्हणजे दुपारी, कामावर येशील का, आणि मी लेक्चर सोडून धावत गेले. बाबांनी तो पाढ्यासारखा पाठ केला. मोबाइलमध्ये नाव शोधून दाबणं त्यांना आजही जमत नाही, किंवा ते जमवून घेत नाहीत. शून्य शून्यपासून सुरुवात करून एकेक आकडा दाबतात, तोंडाने म्हणत म्हणत.

मग लग्न झालं, मी सिडनीला आले. नवरा म्हणाला, दोन बिलं कशाला, तुझा नंबर माझ्या खात्यात टाकू, स्वस्त पडतं. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? सही मीच केली, हसत हसत केली, वर "त्यात काय एवढं" असंही म्हटलं. आपल्यात असंच असतं ना! रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख एक. लाइटबिल त्याच्या नावावर, गॅस त्याच्या नावावर. तेच डोकं घेऊन आम्ही विमानात बसलो आणि इथे येऊन तस्साच संसार मांडला. त्यानंतर दर महिन्याला माझ्या फोनवर, माझ्या नंबरवर, कंपनीचा मेसेज यायचा आणि त्यात "हाय"च्या पुढे नाव नवऱ्याचं असायचं. आधी मला ते गमतीशीर वाटायचं.

गंमत संपली ती पुण्याला मावसबहिणीच्या लग्नात. करारावर घेतलेला माझा तेव्हाचा फोन कंपनीने स्वतःच्याच सिमला बांधून दिलेला होता. भारतातलं सिम घातलं तर ओळखच दाखवेना. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने एक नजर टाकून सांगितलं, "ताई, हा लॉक आहे. कंपनीला सांगा, ते उघडून देतील." मामेभावाच्या फोनवरून मी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अगदी मधाळ. आर यू द अकाउंट होल्डर? मी म्हटलं, नाही, पण फोन माझा आहे, नंबर माझा आहे, आत्ता माझ्या हातात आहे. सॉरी म्हणे, अकाउंट होल्डरलाच बोलावं लागेल. अकाउंट होल्डर तिकडे सिडनीत मीटिंगमध्ये. हॉलमध्ये मंगलाष्टकं चालली होती, आणि मी कार्यालयाच्या जिन्यात पैठणी सावरत, स्वतःच्या फोनचं कुलूप उघडायला नवऱ्याच्या विनवण्या करत होते. अक्षता टाकायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण आपण बायका तिडीक डब्यात भरून ठेवतो, झाकण घट्ट लावून. त्या शनिवारी झाकण उडालं.

"माझा नंबर बंद होणार नाही," मी म्हटलं.

"अगं, एक मेसेज टाक ना सगळ्यांना. नंबर बदललाय म्हणून. पाच मिनिटांचं काम."

"आणि हा नंबर कुणाचा आहे?"

"तुझाच आहे. नाही कोण म्हणतंय?"

"मग बंद करणारा तू कोण?"

तो बिस्किट विसरला. ते चहात बुडालं. आमची अकरा वर्षांची कन्या सोफ्यावरून म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ नंबर." मी तिला म्हटलं, तुझ्या खोलीचं दार तुला न विचारता काढून टाकू का, जस्ट अ दारच आहे. तिच्या शेजारी सासूबाई फोनवर रमी खेळत होत्या. सासरे गेल्यापासून त्या वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात. त्यांनी मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, ह्या काय बोलणार, आपला तो बाब्या.

सोमवारी शिफ्ट संपवून मी जवळच्या ब्लॅकटाउनला जुन्या कंपनीच्या दुकानात गेले. मी एका पॅथॉलॉजी सेंटरमध्ये लोकांचं रक्त काढते. दिवसभर माणसांना "जरासं टोचेल हं" सांगायची सवय असल्यामुळे घाबरत मी कुणाला नाही. काउंटरवर साठीच्या घरातली एक ऑस्ट्रेलियन बाई होती. मी सांगितलं, हा नंबर माझ्या स्वतःच्या नावावर करून द्या, शुक्रवारच्या आत.

"नो वरीज, लव्ह. तू अकाउंट होल्डर आहेस का?"

"नाही. ते होण्यासाठीच आले आहे."

"मग त्याला घेऊन ये. त्याची सही लागेल."

"आणि त्याने नाही केली तर?"

तिने खांदे उडवले नाहीत, हे मला आवडलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग शुक्रवारी नंबर जाईल. आय'म सॉरी." तिला खरंच वाईट वाटलं असावं. पण वाईट वाटून माझा नंबर वाचणार नव्हता.

बाहेर पडले आणि सरळ समोरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरले. एक अनलॉक्ड फोन घेतला. गेल्या वर्षीचं मॉडेल, ना घड्याळ, ना ऑफर, ना कुणाला तीन वर्षं लिहून दिलेली. दोन सिमांची जागा असलेला, जगातलं कुठलंही सिम खुशाल आत घेणारा. माझ्या पगारातून, एकरकमी. दुकानदार म्हणाला, प्लॅनवर घेतलास तर हप्ते कळतही नाहीत. मी म्हटलं, दादा, मला कळायला हवेत.

दादा म्हटलेलं त्याला समजलं नाही, पण पिशवी त्याने लगेच दिली.

तीन दिवस तो फोन डायनिंग टेबलावर खोक्यात पडून होता, आणि घरातली सगळी भांडणं त्या खोक्याभोवती झाली. नवऱ्याने तो मंगळवारी बघितला.

"फोन घेतलास? मला विचारलंही नाहीस!"

"तू फॉर्म भरलास तेव्हा मला विचारलंस?"

"मी घरासाठी केलं ते!"

"मी माझ्यासाठी केलंय. आता ब्लॅकटाउनला चल आणि सही कर."

"एवढ्यासाठी मी कामातून उठून येऊ? काय इगो आहे यार तुझा!"

असेल. आहेच. इतकी वर्षं कुठे होता याचं मलाच नवल वाटतं. बुधवारीही तेच. मी सही मागायची, त्याने टाळायची. वाईट माणूस नाही हो तो. भांडी घासतो, मुलीला स्विमिंगला नेतो, माझ्या आईशी माझ्यापेक्षा जास्त गप्पा मारतो. म्हणून तर जास्त राग येत होता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

गुरुवारी सकाळी, घरून काम करण्याच्या त्याच्या दिवशी, तो लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलावर बसला होता. मी खोकं त्याच्या लॅपटॉपवर ठेवलं. म्हटलं, उद्या शुक्रवार आहे.

तो भडकला. "आज नंबर वेगळा, उद्या काय? गाडी वेगळी? घर वेगळं? सरळ सांग ना, घटस्फोट हवाय का तुला?"

"घटस्फोट कसला त्यात?" सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघंही वळलो. त्या खिडकीशी बसून रमी खेळत होत्या. मान अजून खालीच.

"आपला गॅस कुणाच्या नावावर होता रे?"

"बाबांच्या," नवरा म्हणाला. "त्याचं काय आत्ता?"

"त्यांना तो पेटवता यायचा?"

सासऱ्यांनी जन्मात कधी दूध तापवलं नव्हतं, हे साऱ्या नातेवाइकांना ठाऊक आहे.

"ते गेले आणि महिन्याभरात सिलिंडर संपला," सासूबाई म्हणाल्या. "मी एजन्सीत गेले. खिडकीतला माणूस म्हणतो, आजी, ज्यांच्या नावावर आहे त्यांना पाठवा. म्हटलं, त्यांना कुठून पाठवू बाबा? मग म्हणाला, मरणाचा दाखला आणा. आणला. कनेक्शन माझ्या नावावर झालं. मग लाइटबिल, तोच दाखला. बँक, तोच दाखला. झेरॉक्सवाला मला लांबून बघून मशीन चालू करायचा. ज्या गॅसवर चाळीस वर्षं मी रांधलं, तो माझा आहे हे सांगायला मला तुझ्या बापाचं मरण दाखवावं लागलं. आयुष्यात माझ्या नावावर जे जे आलं, ते सगळं त्या एका कागदावर आलं." त्यांनी पत्ता टाकला. "हिचं तरी तू धडधाकट असताना होऊ दे."

फोनमधून रमी जिंकल्याची टिंगटिंग वाजली. नवऱ्याने लॅपटॉप मिटला. त्याचे कान लाल झाले होते. "चल," तो म्हणाला, कुणाकडेही न बघता.

"मीपण येते," सासूबाई म्हणाल्या आणि पर्स आणायला आत गेल्या. मला वाटलं, लेक मध्येच पळून जाऊ नये म्हणून येतायत.

दुकानात तीच बाई होती. तिने मला ओळखलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आह, हाच का तो अकाउंट होल्डर!" नवरा हसला, कसनुसा. त्याने एका टॅबलेटवर बोटाने सही केली. मग मी केली. पाच मिनिटांचं काम, त्याच्याच शब्दांत. नव्या फोनमध्ये सिम बसलं. दुसऱ्या खणात मी भारतातलं सिम सरकवलं, तेही निमूट बसलं. मग मेसेज आला. "हाय", आणि पुढे माझं नाव. मी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, आणि त्याचाही मला राग आला. इतक्या साध्या गोष्टीसाठी रडायची वेळ यावी?

"आता खूश?" नवऱ्याने विचारलं. त्याला बिचाऱ्याला समेट हवा होता.

"खूश कशाला?" मी म्हटलं. "माझंच होतं. परत आलं."

माझ्या हातातलं रिकामं खोकं त्याने स्वतःकडे घेतलं. मी घेऊ दिलं.

काउंटरवरच्या बाईने विचारलं, आणखी काही? मी नाही म्हणणार, एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. पर्समधून त्यांनी पासपोर्ट काढला, काउंटरवर ठेवला, आणि त्याच्याशेजारी स्वतःचा फोन.

"आई, अगं तुझं सिम आहे ना," नवरा म्हणाला. "माझ्या खात्यावर."

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या.

बाईने माझ्याकडे बघून विचारलं, हिचा अकाउंट होल्डर कोण? सासूबाईंना इंग्रजी फार येत नाही. पण आठवडाभर आमच्या घरात ते दोन शब्द इतके गाजले होते, की भाषांतराची गरजच पडली नाही. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मग बाई पासपोर्टची पानं उलटू लागली, तशा त्या जरा धास्तावल्या. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "पासपोर्ट पुरतो ना गं? की इथेही कुणाचा दाखला लागतो?"