उंटाच्या पाठीवर वितळलेलं तेल

बाळांनो, पुढच्या महिन्यात तुमच्या शाळेची सहल तिकडे इस्राएलच्या वाळवंटात जाणार आहे आणि बरोबर काय न्यायचं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. तेवढ्यात तुमच्या बाबांनी मागून ओरडून सांगितलं की आजोबांना एकदा उंटाने पळवून नेलं होतं. उंटाने कुणालाही पळवलं नाही. ही भलतीच हकिगत तुमच्या वर्गात पोचायच्या आत मी खरी लिहून ठेवते.

तेव्हा तुमचे बाबा कॉलेजात होते आणि आत्या नुकतीच नोकरीला लागली होती. तिच्या हट्टाखातर आम्ही चौघं डिसेंबरात पनवेलहून जैसलमेरला निघालो. मी स्वेटर बॅगेत भरले. आजोबांनी ते काढून कपाटात परत ठेवले.

"वाळवंटात स्वेटर? आपले पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात फिरले. कुणी लोकर विणत बसल्याचं लिहिलंय कुठे?"

"ते चालत होते," मी म्हटलं. "तुम्ही शेजारच्या सुकापूरला जायचं तरी रिक्षा बोलावता."

पण पेसाखच्या सणाच्या रात्री आपले ज्यू पूर्वज मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कहाणी दर वर्षी तेच वाचतात. त्यामुळे वाळवंट हा विषय त्यांचा, असं घरात ठरूनच गेलं होतं.

पहिल्याच रात्री हॉटेलात आम्ही चौघांनी चादरींवर टॉवेल पांघरले.

दुसरा दिवस शुक्रवार. आपल्या बेने इस्राएलांच्या घरात शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, दिवा लागतो. लग्नानंतर सासूबाईंनी तो माझ्या हाती दिला, तेव्हापासून एकही शुक्रवार चुकला नव्हता. आत्याचा जन्म झाला तेव्हा मी उठू शकत नव्हते, तर आजोबांनी दिवा पलंगाशी आणला होता. आणि नेमका शुक्रवारीच सगळ्यांना वाळूच्या टेकडीवरून सूर्यास्त बघायचा होता. मी म्हटलं, बघू, पण दिवा बरोबर येईल. काचेची वाटी, वात, काडेपेटी आणि खोबरेल तेलाची बाटली असं सगळं मी पिशवीत घेतलं.

टेकडीवर चालतच चढायचं, असा आजोबांचा पण होता. उंटावर बसायला ते घाबरत होते, हे मी तेव्हा बोलले नाही. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येत होतं. आत्या वर पोचून फोटो काढत होती. आजोबा मध्येच बसले आणि बुटातली वाळू ओतत म्हणाले, "चाळीस वर्षं का लागली, ते आत्ता कळलं."

शेवटी सगळे वर पोचलो. सूर्य बराच खाली आला होता. मी वाटी वाळूत बसवली, वात ठेवली, बाटली उलटी केली. काही आलं नाही. रात्रीच्या थंडीने तेल गोठून दगड झालं होतं.

"बोटाने काढ ना, आई," तुमचे बाबा म्हणाले.

बाटलीच्या तोंडात करंगळी जाईना. चहाची टपरी पार खाली रस्त्यावर. आजोबांनी बाटली काखेत धरली, पण ते स्वतःच कुडकुडत होते.

"पूर्वजांनी काय केलं असतं, बाबा?" आत्याने विचारलं.

"गप्प बस."

शेजारी एक उंट रवंथ करत बसला होता. त्याच्या पाठीवरच्या गादीखाली हात घालून आत्या ओरडली, "इथे काय गरम आहे!" बाटली तिथे सरकवली, पण ती घसरत होती. वरून कुणीतरी वजन द्यायला हवं होतं. आम्ही तिघांनी एकाच माणसाकडे पाहिलं.

आजोबांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग गादीवर पाय टाकून बसले.

गिऱ्हाईक बसलं असं समजून उंटवाल्याने दोरी ओढली. उंट आधी मागच्या पायांवर उठतो. आजोबा उंटाच्या मानेवर आडवे झाले.

"अहो, बाटली!" मी ओरडले.

"बाटली आहे! मी नाहीये!"

"बाबूजी, पीछे झुको," उंटवाला म्हणत होता. आजोबा डोळे मिटून शमा म्हणत होते. ही प्रार्थना आपल्याकडे शेवटच्या घटकेला म्हणतात. उंट टेकडीला शांतपणे एक वळसा घालून आला. पळवणं म्हणतात ते एवढंच.

उतरल्यावर बाटली पाहिली. कडेकडेने चमचाभर तेल सुटलं होतं. ते वाटीत ओतलं आणि वाऱ्याला पाठ करून तिघं माझ्याभोवती बसली. आजोबांचे गुडघे काही केल्या जवळ येईनात, त्यामुळे वारा त्या फटीतून आत येत होता. तीन काड्या विझल्या. सूर्याची नुसती कड उरली असताना चौथी लागली. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि बराखा, दिव्याची प्रार्थना, म्हटली.

आमेन म्हणेपर्यंत दिवा विझला. पण दिवा लावणं महत्त्वाचं, टिकवणं वाऱ्याकडे, असा निर्णय आजोबांनी तिथल्या तिथे दिला आणि मी तो लगेच मान्य केला. शब्बाथ लागल्यावर गाडीत बसू नये, पण परत मात्र आम्ही जीपनेच आलो. हे तुमच्या तिकडच्या शेजाऱ्यांना सांगू नका.

पनवेलच्या आपल्या आळीत आता आपल्या लोकांची दोनच घरं उरली आहेत. आमच्या घरात शुक्रवारचा दिवा अजून लागतो.