सत्काराची शाल

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासात ती शाल दिसते आणि आजही डोकं फिरतं.

बीडच्या लघुपट महोत्सवात मी स्वयंसेवक होतो. आईला उमापूरहून मुद्दाम आणलं होतं. पडद्यावर परदेशातली एक पोरगी हरवलेली शेळी शोधत होती. भाषा कळत नव्हती, तरी आई पुटपुटली, "वढ्याकडं बघ की, बाई!"

तेवढ्यात पुढारी आले. सिनेमा थांबवून हारतुरे सुरू झाले. गावातला पहिला पदवीधर म्हणून मलाही शाल मिळाली. मी वाकून घेतली. सिनेमा पुन्हा लागलाच नाही.

एसटीत आईनं विचारलं, "आरं, तिची शेळी सापडली का न्हाई?"

तेव्हा मी हसलो होतो. 'आधी सिनेमा संपू द्या,' एवढं म्हणण्यापुरतं तरी शिकलो होतो ना मी?