बाईंचं बदललेलं मत

कर्जतच्या आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम होता. पुस्तक कितीही कंटाळवाणं असो, त्या ते शेवटपर्यंत वाचायच्या आणि मिटताना म्हणायच्या, "झालं. आता शिव्या द्यायचा हक्क मिळाला." हा हक्क त्यांनी भल्याभल्या लेखकांवर बजावला. फक्त एका मालिकेला त्या न वाचताच शिव्या घालायच्या.

ती मालिका म्हणजे भुताखेतांच्या प्रकरणांचा छडा लावणाऱ्या एका फौजदाराच्या कादंबऱ्या. दिवाळीच्या आगेमागे नवा भाग यायचा आणि एसटी स्टँडवरच्या दुकानातून हातोहात खपायचा. माझे वडील वाचायचे, शेजारचा भातगिरणीवाला वाचायचा, मीही वाचायची. नववीत असताना बाईंनी मधल्या सुट्टीत माझ्या हातातून तो भाग काढून घेतला. ओरडल्या नाहीत. "भूक लागल्यावर कुणी बडीशेपेनं पोट भरतं का गं?" एवढंच म्हणाल्या आणि स्वतःच्या पिशवीतलं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. त्या दिवशी मी फौजदाराला सोडलं आणि बाईंची झाले.

पुढे मला रसायनीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, बाई निवृत्त झाल्या. आमचा शनिवार मात्र टिकला. दुपारी मी दहिवलीला त्यांच्या घरी जायची आणि आम्ही एकमेकींना वाचून दाखवायचो. वाक्य आवडलं की बाई हात वर करायच्या. मग ते पुन्हा वाचायचं. बाईंना मूलबाळ नव्हतं. लोक मला त्यांची मुलगीच म्हणायचे, आणि मी कुणाची चूक दुरुस्त करत नसे.

मग बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. वाचायला मनाई. डोळ्यांत थेंब घालायला जानकी यायला लागली. कोंडाण्याच्या बाजूच्या ठाकूरवाडीतली ही मुलगी कर्जतच्या एका दवाखान्यात नर्स होती. एका शनिवारी मी पोचले तर बाहेरूनच तिचा वाचण्याचा आवाज आला. मी चपला काढून आत पाऊल टाकलं, तेवढ्यात बाईंनी मान न वळवता हात वर केला. "थांब गं, प्रकरण संपू दे."

प्रकरण संपलं. मुखपृष्ठावर फौजदार होता.

"बाई, हे?"

"हिच्या पिशवीत होतं. म्हटलं, वाच, शिव्यांचा हक्क तरी मिळेल." बाई हसल्या. "पण देता येईनात गं. या माणसाला गोष्ट सांगता येते. मी चुकले होते."

'मी चुकले' हे शब्द इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ऐकले तेव्हा ते दुसरीनं मिळवलेले होते.

"शाळेत तुम्ही माझ्या हातातून हेच काढून घेतलं होतं," मी म्हणाले.

"मी? कधी?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. "आणि तू दिलंस? भांडली का नाहीस?"

"मी तर नसतं दिलं, ताई," जानकी औषधाची बाटली बंद करत म्हणाली.

"बघ!" बाई म्हणाल्या. त्या 'बघ'मध्ये केवढं कौतुक होतं!

त्यानंतर शनिवारी आम्ही तिघी असायचो. जानकी भुतांची बोलणी आपल्या वाडीच्या बोलीत वाचायची आणि बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. "रडू नका, थेंब वाहून जातील," असं ती त्यांना दरडावायची, आणि बाई चक्क गप्प बसायच्या. बाईंना दरडावता येतं हे मला माहीतच नव्हतं. एकदा मी हट्टानं पुस्तक मागून घेतलं आणि हडळीचा संवाद जीव तोडून वाचला. बाईंनी शांतपणे ऐकलं. "तू बातम्या छान वाचशील," त्या म्हणाल्या.

डोळे बरे झाल्यावर वाचनालयातल्या वाचक मेळाव्यात बाई बोलायला उभ्या राहिल्या. "मी जन्मभर मुलांना सांगितलं, वाचल्याशिवाय मत देऊ नका. आणि मीच दिलं. ते या मुलीनं बदललं." त्यांनी जानकीला उठून उभं केलं. ती लाजून पदराशी चाळा करत होती. माझ्या शेजारचे गृहस्थ वाकून कुजबुजले, "कोण हो ही? बाईंची कोण लागते?" मी टाळ्या वाजवत राहिले, सगळ्यांचे हात थांबल्यावरही.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी बाई गेल्या. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि संपलं. दिवाळीत मालिकेचा नवा भाग आला, हा शेवटचा असं लेखकानं जाहीर केलेला. मी दोन प्रती घेतल्या आणि जानकीच्या दवाखान्यात गेले. वाटलं, निदान हा तरी दोघींनी बरोबर वाचावा.

जानकीनं पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"मी नाय वाचनार, ताई. बाई नाय तर नाय."

तिचे डोळे भरले. आतून कुणीतरी हाक मारली, तशी ती गेली.

दोन्ही प्रती पिशवीत घालून मी स्टँडवर येऊन बसले. बाईंच्या कपाटातलं सगळं बाईंनी आणि मी मिळून वाचून संपवलं होतं. बाई नाहीत म्हणून हे वाचणार नाही, असं म्हणायला माझ्याकडे एकही पुस्तक उरलं नव्हतं. जानकीकडे एक उरलं होतं. त्याचाही मला हेवा वाटला.